रखवालदारानं ‘सांगितलं’ म्हणजे नेमकं काय?

ठाण्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ६३. बेलापूर रोडवरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आजोळ मुरबाड तालुक्यातलं. चार वर्षं खपून त्यांनी १९४२ च्या भूमिगत चळवळीवर कादंबरी लिहिली आहे. भाई कोतवालांचा आझाद दस्ता, म्हणजे त्यांची भूमिगत लढाऊ तुकडी, सिद्धगडचं जंगल, निरोप पोचवणारी पोरं, पोलिसांची पाळत असा सगळा मामला. दस्त्याचं ठिकाण पोलिसांना विकणारा माणूस कादंबरीत आहे जंगल खात्याचा एक रखवालदार. नाव काल्पनिक, पण गाव खरं. हे प्रकरण त्यांनी ठाण्यातल्या एका वाचनकट्ट्यावर वाचून दाखवलं. कार्यक्रम संपल्यावर पन्नाशीच्या एक बाई जवळ आल्या. म्हणाल्या, “त्या गावाला तेव्हा एकच रखवालदार होता. तो माझा आजा. तुम्हाला हे कोणी सांगितलं?” उत्तर न ऐकताच त्या निघून गेल्या.

आता मित्र म्हणतात, कादंबरी आहे, इतिहास नव्हे. पहिल्या पानावर ‘सर्व पात्रे काल्पनिक’ टाक आणि मोकळा हो. बायको म्हणते, प्रकरणच काढून टाका. प्रकाशकाला दिवाळीसाठी हस्तलिखित गणपतीच्या आधी हवं आहे. पत्रलेखक विचारतात, “माझ्या आईनं स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. मग एका बाईच्या भावनेसाठी मी सत्य का लपवू? पण त्या दिवसापासून नीट झोप नाही, हेही खरं.”

नमस्कार.

पत्राबरोबर सातवं प्रकरणही पाठवलंत ते बरं केलंत. नाहीतर मी नुसत्या तत्त्वाच्या गप्पा मारत बसले असते. प्रकरण दोनदा वाचलं. गवताच्या भाऱ्यात चिठ्ठी घालून नेणारी तुमची ती पोरगी मला फार आवडली. वाटेत फौजदार भेटतो आणि ती घाबरून पळण्याऐवजी त्यालाच भारा डोक्यावर चढवायला हात लावायला सांगते, ही जागा कोणाही लेखकानं हेवा करावा अशी आहे. म्हणजे तुम्हाला माणूस लिहिता येतो. म्हणूनच पुढचं जरा स्पष्ट लिहिते.

तुमच्या मित्रांचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं शेजारी ठेवून बघा. मित्र म्हणतात, हे काल्पनिक आहे, खऱ्याखोट्याचा हिशेब कशाला? तुम्ही म्हणता, हे सत्य आहे, मी का लपवू? पहिल्या पानावर ‘काल्पनिक’ छापायचं आणि मनात ‘सत्य’ म्हणून मिरवायचं, हे दोन्ही एकदम कसं जमेल? त्या बाईंच्या प्रश्नानं तुमची झोप उडाली ती याच फटीतून, असा माझा अंदाज आहे. तुम्ही लेखक म्हणून उभे आहात की साक्षीदार म्हणून, हे तुमचंच अजून ठरलेलं नाही.

साक्षीदार असाल तर साक्ष तपासू या. तुम्हीच लिहिलंय की बेचाळीस साली आई सात वर्षांची होती, आणि ती एवढंच म्हणायची, “रखवालदारानं सांगितलं.” हे वाक्य मी बराच वेळ तोंडात घोळवलं. सांगितलं म्हणजे काय? चौकीवर जाऊन पैसे मोजून घेऊन सांगितलं? पाठीवर काठी बसल्यावर सांगितलं? की फौजदारानं विचारलं, “वरच्या रानात धूर दिसतो का रे?” आणि हा नोकरीच्या सवयीनं “दिसतो साहेब” म्हणून गेला? मराठीत या तिन्हींना ‘सांगितलं’च म्हणतात. तुमच्या प्रकरणात मात्र त्याच एका शब्दाचा कंदील झाला, टेबल झालं, समोर गोरा साहेब आला आणि नोटांचं पुडकं आलं. हे सगळं तुमचं. आईचं नव्हे.

(जाता जाता, जंगल खात्याचा रखवालदार थेट गोऱ्या साहेबासमोर जाऊन बसतो हे मला पटलं नाही. तो आधी वरच्या गार्डाकडे नाहीतर पोलीस पाटलाकडे जाईल, पाटील हवालदाराला कळवेल, हवालदार फौजदाराला. खबर अशी पायऱ्या चढत जाते आणि प्रत्येक पायरीवर थोडी बदलते. याचा उपयोग पुढे होईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.)

दुसरी गोष्ट. गावानं रखवालदाराचंच नाव का घेतलं असेल? त्या भागातल्या कोणाही म्हाताऱ्या ठाकर-कातकऱ्याला जंगल खात्याबद्दल विचारा. सरपणाची मोळी धरली की दंड, नाहीतर कोंबडी, नाहीतर फुकटची वेठ. या रागातूनच १९३० साली उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, २५ सप्टेंबरला गोळीबार झाला आणि माणसं मेली. रखवालदार हा त्याच गावात राहणारा, त्याच विहिरीचं पाणी पिणारा, पण अंगावर सरकारी पट्टा घातलेला माणूस. काही वाईट घडलं की संशयाला बसायला जागा लागते, आणि ती या पट्ट्यावर आयती मिळते. त्यानं सांगितलं नसेलच असं मी म्हणत नाही. सांगितलंही असेल. पण ‘सगळं गाव म्हणतं’ या पुराव्यात बातमी किती आणि जुना राग किती, हे आज तुम्हाला वेगळं करता येणार नाही.

आता तुमच्या कादंबरीच्या मुळाशी असलेलं एक गृहीत. दस्ता सापडला म्हणजे कुणीतरी एकानं तो विकलाच असणार. सिनेमात असंच असतं. खरोखरीच्या पाळतीत क्वचित.

मुंबईचंच काँग्रेस रेडिओचं प्रकरण घ्या. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांचे साथीदार गुप्त प्रक्षेपण करू लागले. सुगावा लागू नये म्हणून जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला धाड पडली. पोलिसांना जागा दाखवली ती त्यांच्याच एका तंत्रज्ञानं. पण तो आधी पोलिसांच्या हाती लागला होता. त्याला फितूर म्हणायचं की कोठडीत मोडलेला माणूस? उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, आणि त्यांचे वडील ब्रिटिशांच्या नोकरीतून निवृत्त झालेले न्यायाधीश. एकाच घरात सरकारचा माजी न्यायाधीश आणि सरकारविरुद्धचा रेडिओ! तुमच्या कादंबरीत असं एकही घर नाही. तिथे घरं एक तर पूर्ण देशभक्त, नाहीतर पूर्ण फितूर.

कधी कधी तर माणूस लागतच नाही. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके घ्या. त्यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त पोलिसांना सापडलं आणि खटल्यात तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहिलं. खबऱ्या कोण? त्यांचीच दौत-लेखणी.

याउलट चापेकरांचं प्रकरण बघा. २२ जून १८९७ ला पुण्यात प्लेगच्या कामावरच्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली, सरकारनं वीस हजारांचं बक्षीस लावलं, द्रविड बंधूंनी माहिती दिली. ८ फेब्रुवारी १८९९ ला वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी त्या भावांना घरातून बाहेर बोलावून संपवलं. इथे खटले झाले, जबाब झाले, फाशी झाली, कागद उरले. उद्या कोणी द्रविडांवर कादंबरी लिहिली आणि त्यांना खबरी म्हटलं, तर लेखकाच्या पाठीशी कागद आहे. तुमच्या रखवालदाराच्या बाबतीत तुमच्या पाठीशी सात वर्षांच्या मुलीनं ऐकलेलं एक वाक्य आहे. दोन्हीला एकच ‘सत्य’ हा शब्द वापरू नका, एवढीच विनंती.

‘सर्व पात्रे काल्पनिक’ या ओळीबद्दलही सांगते, कारण हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण विचारतात. ही ओळ म्हणजे ताईत नव्हे. मृत माणसाची बदनामीसुद्धा आपल्याकडे गुन्हा ठरू शकते, जर तो जिवंत असता तर त्याच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि त्याच्या घरच्यांना दुखावण्याचा हेतू त्यामागे असेल. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये हे होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ मध्ये आहे. तुमचा हेतू तसा नव्हता हे मला दिसतंच आहे. पण कट्ट्यावरच्या त्या प्रसंगानंतर “मला माहीतच नव्हतं” हे वाक्य तुमच्या हातातून गेलं. छापण्याआधी एकदा वकिलाला प्रकरण दाखवा. मी वकील नाही.

तरी कायदा इथे दुय्यम आहे. नाव बदललंत, पण गाव खरं ठेवलंत, साल खरं ठेवलंत आणि हुद्दा असा दिलात की तो त्या गावात एकाच माणसाकडे होता. मग काल्पनिक काय उरलं? शिवाय कादंबरीत २ जानेवारी १९४३ ही तारीख आहे, सिद्धगड आहे, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचं हौतात्म्य आहे. आजही दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे अभिवादनाला जमतात. वाचक या खऱ्या गोष्टींच्या भरवशावर बाकीचंही खरं मानत जातो. तुम्ही ऐतिहासिक कादंबरी लिहिता ती याच भरवशावर. तो हवा तेव्हा घ्यायचा आणि अंगाशी आल्यावर ‘काल्पनिक हो’ म्हणायचं, हे बरं नव्हे.

मग करायचं काय? बायको म्हणतात तसं प्रकरण काढून टाकू नका. ते काढलंत तर कादंबरीच्या मध्यभागी भोक पडेल. दस्ता सापडला कसा, याचं उत्तर वाचक मागणारच. नुसतं गाव बदलून मुरबाडचं शहापूर केलंत तर त्या बाई कदाचित सुटतील, पण शहापूरच्या एखाद्या नातवाचा फोन येईल. आणि गोष्ट तितकीच सपाट राहील.

मला दोन वाटा दिसतात. पहिली सोपी. सिद्धगड आणि कोतवाल दूर, क्षितिजावर ठेवा. त्यांची बातमी कानावर येते, बस. तुमचा दस्ता, तुमचा डोंगर, तुमचं गाव पूर्ण मनातलं करा. कर्जत-माथेरान तेव्हा कुलाबा जिल्ह्यात आणि मुरबाड ठाणे जिल्ह्यात होतं, म्हणजे डोंगराच्या एका अंगाला एका जिल्ह्याचे पोलीस आणि दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचे. अशा सरहद्दीवर एक काल्पनिक वाडी सहज वसवता येते. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्याचा प्रसंगही तुमच्या दस्त्याकडून घडवता येईल. मनोरे तिथे खरोखरच पाडले गेले होते, त्याला कोणाच्या आजोबांचं नाव चिकटत नाही.

दुसरी वाट अवघड, पण मला तीच मोहात पाडते. मघाशी मी पायऱ्यांचं म्हटलं ना? खबर एकानं दिलीच नाही असं करून बघा. दुकानदाराच्या लक्षात येतं की एक घर हल्ली तांदूळ जास्त नेतंय. तो हे बायकोशी बोलतो. टपाल वाटणाऱ्याला एका पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटतं. रखवालदाराला धूर दिसतो. पाटलाला धास्ती आहे की गावावर सामुदायिक दंड बसेल, कारण त्या साली सरकार तो बसवतच होतं आणि एकाच्या करणीचे पैसे सगळ्या गावाकडून वसूल होत होते. आणि तुमची ती गवतवाली पोरगी, होय तीच, बढाई म्हणून मैत्रिणीला काहीतरी अर्धवट सांगून बसते. कोणीच फितूर नाही. पाची तुकडे फौजदाराच्या टेबलावर एकत्र येतात. मग गोळीबार होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून गावाला एक माणूस हवा असतो. तो कोण होणार हे वाचकाला आधीच कळलेलं असतं. असं लिहिलंत तर तुमच्या आईचं वाक्य जसंच्या तसं ठेवता येईल. ‘रखवालदारानं सांगितलं’ असं एक सात वर्षांची मुलगी म्हणते आणि पुढे आयुष्यभर म्हणत राहते. ते वाक्य कादंबरीत खरंच आहे, कारण ती ते म्हणाली होती.

शब्दांबद्दलही थोडं. तुमच्या हस्तलिखितात दस्त्यासाठी फिरणारे ते ‘हेर’, ‘नजरबाज’, ‘बहिर्जींचे वारस’, आणि पोलिसांसाठी फिरणारे ते ‘खबरे’, ‘कुत्रे’. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! पक्ष घ्यायला माझी ना नाही, मीही दस्त्याच्याच बाजूची. पण तुमचा पोऱ्या फौजदाराच्या स्वयंपाक्याशी दोस्ती करून त्याच्या घरातल्या गोष्टी काढून घेतो, तेव्हा तो त्या स्वयंपाक्याचा विश्वासघातच करत असतो. नंतर त्या स्वयंपाक्याचं काय झालं? तुम्ही लिहिलेलं नाही. पान ११२ नंतर तो गायबच आहे.

आता त्या बाई. तुम्ही लिहिता, “एका बाईच्या भावनेसाठी.” तुमचंच पत्र पुन्हा वाचा. त्या रडल्या नाहीत, छापू नका म्हणाल्या नाहीत, कोर्टाचं नाव काढलं नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला: तुम्हाला हे कोणी सांगितलं? हा संशोधकाचा प्रश्न आहे. कोणी सांगावं, त्या घरात हा प्रश्न ऐंशी वर्षं फिरत असेल आणि त्यांना वाटलं असेल, या माणसाकडे एखादा कागद आहे बहुतेक.

त्यांना जाऊन भेटा. परवानगी मागायला जाऊ नका. ‘तुमची हरकत नाही ना’ असं विचारलंत की सगळं ओझं त्यांच्या डोक्यावर जातं, आणि उद्या त्यांच्या भावानं हरकत घेतली तर काय करणार? लिहायचं काय याचा निर्णय तुमचाच राहू द्या. हस्तलिखितही नेऊ नका. त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या: आईनं सांगितलं, ती सात वर्षांची होती, बाकीचं मी रचलं. एवढं बोलून गप्प बसा. त्या बोलल्या तर ऐका. आजोबांची नोकरी टिकली का, घर गावात राहिलं का, आजीला विहिरीवर कोणी पाणी भरू दिलं का. नाही बोलल्या तर चहा घेऊन निघा. त्यांनी जे सांगितलं ते कादंबरीत जसंच्या तसं वापरायचं नाही, हे मात्र आधी कबूल करा. त्या काही तुमच्या कच्च्या मालाचं कोठार नाहीत.

मुरबाडला तुमची मावशी आहे, वय शहाऐंशी, असं लिहिलंय. तिच्याकडे आधी जा. पण “खबर कोणी दिली?” असं विचारू नका, ती तेच ठरलेलं वाक्य देईल. त्या दिवसांत घरात कोण कोण निजायला होतं, दिव्याला रॉकेल मिळत होतं का, कुत्री भुंकली की आई काय करायची, हे विचारा. ती तेव्हा अगदी लहान होती, तेव्हा तिचं स्वतःचं थोडं आणि मोठ्यांकडून ऐकलेलं जास्त असणार. ते तिलाच वेगळं करायला सांगा. फोनवर रेकॉर्ड करा, तिला सांगून.

कागदांसाठी फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे त्या काळच्या गृह खात्याच्या ‘विशेष’ शाखेच्या फायली बघायला मागा. खबऱ्याचं नाव सापडेल या आशेनं जाऊ नका. त्या कागदांत तुम्हाला मिळेल ती सरकारची भाषा: काय दिसतं, काय दिसत नाही, कशाची भीती वाटते. तुमचा फौजदार सध्या टीव्हीवरच्या मालिकेसारखा बोलतो, तो त्या फायली वाचून सुधारेल. घराजवळ बघायचं तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. बेचाळीस-त्रेचाळीसची वर्तमानपत्रं कुठे बघायला मिळतील, हे तिथे विचारा. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८२ चा ठाणे जिल्ह्यावरचा खंडही चाळा, डोंगर-वाटा-झाडं यांच्यासाठी. तुमच्या सातव्या प्रकरणात नायक निलगिरीच्या झाडाआड लपतो. सिद्धगडच्या रानात त्याच्यासाठी दुसरं एखादं झाड शोधा.

ज्यांच्या घरात असाच एखादा ‘सांगणारा’ आजोबा आहे, किंवा ज्यांनी अशा आजोबाबद्दल नुसतं ऐकलंय, अशांची पत्रं मला याआधीही आली आहेत. त्यांनाही मी हेच म्हणेन की आधी वाक्य नीट लिहून काढा: कोण म्हणालं, तेव्हा ते केवढे होते, नेमके शब्द काय. तीन ओळींचं काम आहे, पण बहुतेकांचा हात दुसऱ्या ओळीवर थांबतो.

प्रकाशकाला आजच फोन करा. हस्तलिखित या दिवाळीला होत नाही म्हणून सांगा. कुरकुर करतील. चार वर्षं थांबलात, अजून एक पावसाळा थांबा.

बाईंचं नाव-पत्ता काहीच घेतलं नाही, आता शोधू कसं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. वाचनकट्ट्यावर दारात हजेरीची वही ठेवलेली असते ना? त्या दिवसाचं पान काढून संयोजकांनाच दाखवा. नंबर त्यांच्याकडून मागून घेऊ नका. तुमचा नंबर त्यांच्यामार्फत बाईंना पोचवायला सांगा, आणि सोबत एवढंच कळवा की त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलंय.